घरी केलेलं लॅप स्टील: तारांना हात लावला तरी घूं थांबत नाही

रंधाकाम

नमस्कार. गेले अडीच महिने मी एक लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवं ठेवून तारांवर पोलादी बार सरकवत वाजवायचं विजेचं गिटार, करते आहे. सुतारकाम मला येतं, विजेचं काम मात्र हे पहिलंच. फळी झाली, तारा चढल्या, सूर लागला, आणि ॲम्पला जोडल्यावर जे ऐकू आलं त्यानं जीव खट्टू झाला. सगळं तपशिलात लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

लाकूड आमच्या जुन्या पलंगाच्या बाजूच्या पट्टीचं आहे. वडील शेवटचं वर्षभर त्याच पलंगावर होते. पलंग मोडायचा ठरला तेव्हा ही एक पट्टी मी बाजूला काढून ठेवली होती. साग आहे, कित्येक वर्षं वाळलेला. रंधा मारल्यावर वरचा काळा थर निघाला आणि तो चामड्यासारखा वास खोलीभर झाला. लांबी ८१० मिलिमीटर, रुंदी १००, जाडी ३८. हे मुद्दाम सांगते, कारण या फळीत आणखी भोकं पाडायची असतील तर ती खरंच लागणार असतील तरच पाडायची आहेत.

स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, २२.५ इंच, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर. नट (किल्ल्यांकडची तारांची टेकण) आणि ब्रिज (दुसऱ्या टोकाची टेकण) दोन्ही ॲल्युमिनियमच्या काटकोनी पट्टीचे (अँगलचे) तुकडे आहेत. खिडकीच्या चौकटीतून उरलेली करड्या रंगाची पट्टी होती, तीच वापरली. ब्रिजच्या उभ्या बाजूला सहा भोकं पाडून तारा मागून ओवल्या आहेत. किल्ल्या सहा सुट्या आहेत. पडदे नाहीत, फक्त रेषा. त्या मी करवतीनं अर्धा मिलिमीटर खोल कापून त्यात लाकडाचा भुसा आणि गोंद भरला.

पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) तयार घेतलेला, सिंगल कॉइल. व्हॉल्यूम आणि टोनला २५० के (किलोओहम) चे पॉट, म्हणजे फिरवायचे नियंत्रक, टोनला ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. ब्रिजखालून एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर आणली आहे. वायरचं टोक दोन सेंटिमीटर सोलून, पसरून ब्रिजखाली दाबलं आहे आणि वरून ब्रिजचे दोन स्क्रू आवळले आहेत.

आता तक्रारी.

पहिली, घूं. ॲम्प चालू केला की सतत जाड घूं आणि त्यावर बारीक चर्र. तारांवर हात ठेवला तरी काही फरक नाही. मात्र जॅकच्या (केबल खुपसतात त्या भोकाच्या) बाहेरच्या लोखंडी नटाला बोट लावलं की चर्र एकदम जाते आणि घूं अर्ध्यावर येते. बोट काढलं की पुन्हा सुरू.

दुसरी, बार आडवा ठेवला की जाड तारा छान बोलतात, पहिली आणि दुसरी (सगळ्यात बारीक) चिरकतात. बार दाबला तर बोलतात, पण मग हात दुखतो आणि घासल्याचा आवाज येतो.

तिसरी, १२ व्या रेषेवर सूर अचूक आहे, पण ५ व्या रेषेवर ट्यूनर १० ते १२ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा दाखवतो आणि ३ ऱ्यावर त्याहूनही थोडा जास्त. रेषा मी पुन्हा मोजल्या, ५ वी नटपासून १४३.४ वर आहे, १२ वी २८५.७५ वर. मोजमाप बरोबर आणि सूर चुकीचा, असं कसं होईल?

सूर लावला आहे डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी, म्हणजे आपल्या भाषेत सा प सा ग प सा. तारा जाडीकडून बारीककडे .०५६, .०४२, .०३२, .०२४, .०१७, .०१४ इंच.

ओळखीच्या एकांनी सांगितलं की ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन सोडून द्या, घूं जाईल. मी ते अजून केलेलं नाही. करू का?

---

सहावी तार

आधी अभिनंदन. आईबापांच्या घरातल्या लाकडाचं वाद्य करणं हे मनाला भिडलं.

घूंसाठी मी पिकअपच्या खोबणीला आणि पॉटच्या खोबणीला आतून तांब्याचा टेप लावला होता. टेपच्या सगळ्या पट्ट्या एकमेकींशी डाखून घ्यायच्या आणि एका वायरनं पॉटच्या पाठीला जोडायच्या. माझी चर्र त्यानं बरीच गेली. पिकअपपासून पॉटपर्यंत आणि पॉटपासून जॅकपर्यंत साधी वायर असेल तर ती बदलून शिल्डेड (वरून धातूची जाळी असलेली) घ्या.

रेषांबद्दल, तुम्ही एकापुढे एक मोजत गेलात का? मी पहिल्यांदा तसंच केलं होतं आणि चूक वाढत गेली. प्रत्येक रेषा नटपासूनच मोजायची.

---

रंधाकाम

धन्यवाद. सगळ्या रेषा नटपासूनच मोजल्या आहेत. स्टीलची लांब पट्टी नटला टेकवून एकदाच सगळ्या खुणा केल्या, पट्टी मध्ये हलवलीच नाही. टेप लावायला हरकत नाही, पण जॅकला बोट लावल्यावर आवाज जातो आणि तारांना लावल्यावर जात नाही, हे कोडं टेपनं सुटेल का, ते कळत नाही.

---

डाखकाम

टेप नंतर. आधी पिनचं.

ताई, प्लगची अर्थची पिन सोडू नका. कुणीही सांगितलं तरी नाही. अशा वाद्याच्या तारा ॲम्पच्या चासीशी (धातूच्या सांगाड्याशी) जोडलेल्या असतात, आणि लॅप स्टीलमध्ये तुमचे दोन्ही हात धातूवर असतात, डावा पोलादी बारवर, उजवा तारांवर. ॲम्पमध्ये उद्या एखादं इन्सुलेशन फाटलं तर ती वीज अर्थनं जायला हवी. अर्थ काढलात तर ती तुमच्या हातानं जाईल. मी ३० वर्षं रेडिओ आणि ॲम्प दुरुस्त करतो आहे. पिन कापलेले ॲम्प माझ्या टेबलावर येतात तेव्हा दुसरं काही बघायच्या आधी मी ती पिन परत लावतो.

आता घूं. हिचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

एक चुंबकीय. ट्रान्सफॉर्मरभोवती, वायरिंगभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं. तुमचा सिंगल कॉइल म्हणजे चुंबकावर गुंडाळलेले केसासारख्या तारेचे हजारो वेढे. तो ते क्षेत्र तारेच्या कंपनासारखंच उचलतो. अर्थिंगनं हे जात नाही, तांब्याच्या टेपनंही जात नाही. वाद्य हातात धरून स्वतःभोवती फिरा. काही दिशांना ही जाड घूं जवळजवळ नाहीशी होईल, काही दिशांना वाढेल. तसं झालं तर समजा चुंबकीय आहे. त्यावर उपाय म्हणजे ॲम्पपासून दूर बसणं, किंवा दोन उलट्या कॉइलचा हंबकर.

दुसरा प्रकार विद्युत क्षेत्राचा. ती तुमची बारीक चर्र. भिंतीतल्या वायरी, दिवे यांचं क्षेत्र हवेत असतं आणि आपलं शरीर ते गोळा करतं. शरीर पिकअपजवळ असलं की ते त्यात उतरतं. म्हणून तारा अर्थला जोडायच्या. मग तुम्ही तारांना स्पर्श केला की तुम्हीही अर्थशी जोडल्या जाता, आणि जे शरीर आवाज आणत होतं तेच पिकअपसमोर ढाल होतं.

जॅकचं बाहेरचं लोखंड म्हणजे स्लीव्ह, म्हणजेच तुमची अर्थ. तिला बोट लावल्यावर चर्र जाते, म्हणजे अर्थ तिथपर्यंत शाबूत आहे. तारांना लावल्यावर जात नाही, म्हणजे तारा अर्थला जोडलेल्याच नाहीत. तुम्ही वायर घातली आहे, पण ती कुठेतरी पोचत नाही.

कुठे, ते अंदाजानं सांगत नाही. मल्टीमीटर असेल तर ॲम्पपासून केबल काढून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून एवढं मोजा:

जॅकची टिप (आतला, सिग्नलचा संपर्क) ते स्लीव्ह, किती ओहम. स्लीव्ह ते व्हॉल्यूम पॉटची पाठ. स्लीव्ह ते ब्रिज. स्लीव्ह ते प्रत्येक तार. आणि एक तार ते शेजारची तार, सहाही तारांसाठी.

शेवटचं मोजमाप कंटाळा न करता करा. त्यातच उत्तर असावं असं वाटतं.

---

रंधाकाम

काका, पिनला हात लावणार नाही. मनातून धास्ती होतीच, आता कारणही कळलं.

स्वतःभोवती फिरून पाहिलं. जाड घूं खरोखर दिशेप्रमाणे कमी-जास्त होते. ॲम्पकडे पाठ करून उजवीकडे थोडं वळलं की जवळजवळ नाहीच. चर्र मात्र सगळीकडे सारखी.

मोजमापं:
टिप ते स्लीव्ह ६.२ के.
स्लीव्ह ते पॉटची पाठ ०.३ ओहम.
स्लीव्ह ते ब्रिज काहीच नाही, मीटर उघडं दाखवतो. पण टोक जोरात दाबून घासलं तर एकदा क्षणभर बीप झाली आणि गेली.
स्लीव्ह ते तारा, सहाही उघड्या.
तार ते तार: तिसरी आणि चौथी एकमेकींशी बीप देतात. बाकी कुठलीच जोडी देत नाही.

शेवटचं मला अजिबात समजलं नाही. सगळ्या तारा एकाच धातूच्या पट्टीतून ओवल्या आहेत, एकाच धातूच्या नटवरून जातात. मग त्या एकमेकींपासून तुटलेल्या कशा?

---

डाखकाम

तुमच्या पहिल्या लिखाणात एक शब्द होता, "करड्या रंगाची". तिथेच मला शंका आली होती.

खिडकीच्या चौकटीची अशी पट्टी बहुतेक वेळा ॲनोडाइझ केलेली असते. म्हणजे ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्यानं मुद्दाम ऑक्साइडचा जाड थर वाढवलेला असतो, त्यातच रंग भरतात. हा थर कठीण असतो, गंजत नाही, आणि वीज वाहू देत नाही. पट्टी आत धातू आहे आणि बाहेरून काचेच्या पातळ कवचात आहे असं समजा. तुमची सोललेली वायर त्या कवचावर टेकून बसली आहे. तारांच्या शेवटच्या गोळ्यासुद्धा कवचावरच टेकल्या आहेत.

तिसऱ्या आणि चौथ्या तारेची भोकं पाडताना बिट थोडा हलला असेल, किंवा भोकाच्या कडेला उरलेले धातूचे कंगोरे नीट साफ झाले नसतील. त्या दोन गोळ्या आतल्या खऱ्या धातूला लागल्या, म्हणून त्या एकमेकींशी बोलतात. तुम्ही टोक घासलंत तेव्हा बीप झाली, तीही कवच क्षणभर ओरखडल्यामुळे.

पिकअप उत्तम आहे. ६.२ के म्हणजे सिंगल कॉइलला अगदी हवं तसं. त्याला दोष देऊ नका.

उपाय दोन आहेत. सोपा आधी सांगतो. ब्रिज उलटा करा, वायर येते तिथे नखाएवढी जागा कानसीनं घासा. करडा रंग जाऊन पांढुरका, चमकणारा धातू दिसला पाहिजे. वायरच्या टोकाला गोल टॅग डाखा, आणि त्यातून छोटा मशीन स्क्रू, दातेरी वॉशर घालून, घट्ट आवळा. वॉशरचे दात धातूत रुततात आणि जोड पुढेही टिकतो. ॲल्युमिनियमवर साधा डाख धरत नाही, तो प्रयत्न करू नका, पट्टी तापत राहील आणि डाख गोळी होऊन घरंगळेल. तारांच्या सहाही भोकांना मागच्या बाजूनं मोठा बिट हातानं दोन-चार वेढे फिरवून कड उघडी करा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, आणि तुम्हाला सुतारकाम येतं म्हणून सांगतो. ब्रिजच्या वरच्या कडेवर तारा थेट टेकवू नका. ५ मिलिमीटर जाडीची पितळी सळई आडवी बसवा आणि तारा तिच्यावरून न्या. पितळ उघडा धातू, सहाही तारा त्याच्यावर, म्हणजे सगळ्या एकदम जोडल्या गेल्या. पितळेवर डाख छान बसतो. वायर सळईच्या टोकालाच डाखायची. सळई लाकडावर ठेवायच्या आधी डाखा, तिला उष्णता भरपूर लागते, छोटं सोल्डरिंग आयर्न पुरणार नाही. आणि डाखायची जागा आधी पॉलिश पेपरनं घासा. हेच पॉटच्या पाठीबद्दल. तिथला डाख मण्यासारखा गोल उभा असेल तर तो कच्चा आहे. पसरून, कडा विरघळून बसलेला हवा.

सळईचा आणखी एक फायदा आहे, पण ते वाजवणाऱ्यांनी सांगावं.

---

मींड

काकांनी माझ्यासाठी जागा सोडली आहे असं दिसतं.

रंधाकाम, तुमची तार ब्रिजवर पट्टीच्या सपाट जाडीवरून जाते ना? दोन-तीन मिलिमीटर रुंद सपाट कड. तारेला थोडी "झ्यँ" येत असेल, खास करून जाड तारांना. सतारीच्या घोडीवर आपण हेच मुद्दाम करतो, तिला जवारी म्हणतो आणि ती काढायला कारागिराचं आयुष्य जातं. इथे ती नको असते. तार एका नेमक्या रेषेवर सुटली पाहिजे, नाहीतर लांबीच नक्की राहत नाही. गोल सळईवरून ती तशी सुटते. सळई बसवल्यावर स्केल पुन्हा मोजा. तार सळईच्या माथ्यावर सुटेल, म्हणजे माथा नटपासून ५७१.५ वर यायला हवा.

आता चिरकणाऱ्या तारा. तुमचे नटचे खाचे सगळे एकाच खोलीचे आहेत, बरोबर? सुतारकामात आपण तळ सरळ ठेवतो, म्हणून तसं होणं साहजिक आहे. पण पडद्याच्या गिटारचा नियम लॅप स्टीलला इथे उलटा होतो. बार वरून टेकतो. त्याला तारांचा तळ दिसत नाही, माथा दिसतो. सहाही माथे एका पातळीत पाहिजेत. तुमची सहावी तार .०५६, पहिली .०१४. फरक ०.०४२ इंच, म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित जास्त. बार जाड तारांवर पुलासारखा टेकतो आणि बारीक तारांवर नुसता तरंगतो. दाबलात की बोलतात, कारण तुम्ही जाड तारा खाली ढकलता.

म्हणून जाड तार खाली बसवा. पहिल्या तारेच्या खाच्याच्या तळापासून मोजलं तर सहाव्याचा तळ १.०६ मिलिमीटर खोल, पाचव्याचा ०.७१, चौथ्याचा ०.४५, तिसऱ्याचा ०.२५. दुसरी जवळपास पहिलीच्याच पातळीत. हे आकडे पाठ करू नका, थोडं थोडं घासा आणि नटच्या जवळ तारांवर स्टीलची पट्टी उभी धरून पलीकडून उजेड बघा. जिथे उजेड दिसतो ती तार खाली आहे, जिथे पट्टी अडते ती वर आहे. एकदा खोल गेलेला खाचा भरता येत नाही, म्हणून शेवटचा दहावा भाग मीही कानशीचे दोन हात मारून लगेच तार चढवून बघते.

आणि हेच ब्रिजच्या सळईवरही. तिथे विसरलात तर वरच्या रेषांवर तेच दुखणं पुन्हा दिसेल.

सूर चढा येण्याबद्दल रात्री लिहिते, ते थोडं मोजून सांगायला हवं.

---

मींड

हं, तर ५ वी रेषा.

तुमच्या रेषा बरोबर आहेत. १२ व्यावर सूर बरोबर येतो, म्हणजे स्केलही बरोबर आहे. चूक डोळ्याची आहे.

वाद्य मांडीवर असताना तुमचं डोकं साधारण १२ व्या रेषेच्या वर येतं. तारा फळीपासून किती उंच आहेत? १० मिलिमीटर धरू. डोळा फळीपासून ५०० मिलिमीटर वर धरू. ५ वी रेषा १२ वीपासून १४२ मिलिमीटर डावीकडे. आता तुम्ही तिरक्या नजरेनं बार त्या रेषेवर "बसवता", पण बार वर आहे आणि रेषा खाली. दोन्ही एका नजरेच्या ओळीत आल्या तेव्हा बार प्रत्यक्षात रेषेच्या उजवीकडे असतो, १० भागिले ५०० गुणिले १४२, म्हणजे जवळजवळ २.८ मिलिमीटर. त्या जागी एक अर्धस्वर २५ मिलिमीटरच्या आसपास असतो. २.८ म्हणजे त्याचा नववा भाग, ११ सेंट. तुमचा ट्यूनर १० ते १२ दाखवतो. ३ री रेषा डोळ्यापासून अजून लांब, म्हणून तिथे चूक अजून जास्त. १२ वी डोळ्याच्या खालीच, म्हणून तिथे चूकच नाही.

बारच्या वरच्या चकाकणाऱ्या कण्याकडे बघून नेम धरत असाल तर फरक आणखी वाढतो, कारण कणा तारेच्याही वर बारच्या जाडीइतका असतो. बार तारेला जिथे टेकतो तिकडे बघा.

उपाय म्हणजे डोकं बारबरोबर डावीकडे न्यायची सवय, आणि त्याहून मोठा उपाय कान. तानपुरा लावा आणि रेषा विसरून ५ व्या जागेवर सा-म चा मेळ शोधा. रेषा गावाचा रस्ता दाखवतात, घर कानानंच सापडतं. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवं घेऊन राग वाजवला तो याच मोकळ्या जागेच्या जोरावर. पडद्याची अडवणूक नाही, मींड हवी तेवढी लांब.

एक बारीकशी गोष्ट, पण करून बघाच. तुमच्या सा प सा ग प सा मधला ग ट्यूनरच्या सुईवर लावू नका. तानपुऱ्याशी मिळवून लावा. शुद्ध मिळालेला ग ट्यूनरवर साधारण १४ सेंट उतरलेला दिसतो. सुई उतरलेली दिसेल आणि कान म्हणेल, बरोबर आहे. लॅप स्टीलमध्ये तो एकदा उघड्या तारेवर मिळाला की बार सरळ ठेवून कुठेही गेलात तरी सोबत येतो.

---

सहावी तार

ॲनोडाइझचं मला माहीतच नव्हतं. माझाही ब्रिज अँगलचाच आहे, आत्ताच मीटर लावून बघितलं. माझे सहाही बीप देतात, पण माझी पट्टी कच्ची, पांढरी होती, रंग नसलेली. केवळ योगायोगानं वाचलो.

एक विचारतो काका, विषय थोडा बाजूचा आहे. असं वाचलं होतं की बाजारात यशस्वी झालेलं पहिलं विजेचं गिटार म्हणजे लॅप स्टीलच, आणि तेही अख्खं ॲल्युमिनियमचं. मग त्यांना हा त्रास झाला नसेल का?

---

डाखकाम

बरोबर वाचलंत. जॉर्ज बोशाँ यांच्या कल्पनेचं, रिकनबॅकरनं काढलेलं, आकारावरून "तळणीचा तवा" म्हणून ओळखलं गेलेलं. १९३१ मध्ये लाकडाचा नमुना, १९३२ पासून ओतीव ॲल्युमिनियमचं विक्रीला. पिकअपचे दोन नालाकृती चुंबक तारांच्या वरून वळसा घालून जायचे, म्हणजे तारा चुंबकाच्या आतून गेलेल्या. पेटंट मिळालं १९३७ मध्ये. ओतीव ॲल्युमिनियमवर आपसूक येणारा ऑक्साइड अगदी पातळ असतो, स्क्रू आवळला की फुटतो. ॲनोडाइझचा थर त्याच्या कैक पट जाड असतो. त्यांचा त्रास वेगळा होता. दिव्यांच्या उष्णतेनं धातू प्रसरण पावायचा आणि वाजवता वाजवता सूर सरकायचा. ताईंच्या सागाला तो त्रास नाही.

---

रंधाकाम

चार दिवस लागले, सगळं सांगते.

तारा उतरवल्या. ब्रिज उलटा केला तर माझी वायर छान पसरून बसलेली होती, चपटी झालेली, आणि तिच्याखाली पट्टीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. कानशीचे पाच-सहा हात मारल्यावर करडा थर भुकटीसारखा निघाला आणि खाली चंदेरी धातू. तिथे मीटरची दोन्ही टोकं ठेवली, बीप. एक टोक अर्ध्या इंचावर करड्या भागावर नेलं, गप्प. हे चार-पाच वेळा केलं, इतकं नवल वाटलं.

काकांचा दुसराच उपाय केला. ५ मिलिमीटरची पितळी सळई ९० मिलिमीटर लांब कापली. वायर डाखायला माझं छोटं सोल्डरिंग आयर्न पुरलं नाहीच, शेजाऱ्यांकडचं मोठं आणलं. सळई लाकडी चिमट्यात धरून एका टोकाला डाख दिला, तेव्हा तो एकदम पाण्यासारखा पसरला आणि पितळेत शिरला. पॉटच्या पाठीवरचा माझा जुना डाख बघितला तर मणीच होता. तोही घासून पुन्हा दिला.

सळई बसायला ब्रिजच्या समोर लाकडात उथळ खोबण घ्यावी लागली. नवीन भोक एकही नाही. माथा ५७१.५ वर आणला.

खाच्यांना सगळ्यात जास्त वेळ गेला. नटवर सहावीचा खाचा घासताना प्रत्येक वेळी तार चढवून उजेड बघितला. एकदा पाचवी जरा खोल गेली असं वाटलं, पण पट्टी उलटी धरली तर पट्टीच्याच कडेला खळगा होता. पट्टी बदलली. आता सहाही तारांवर पट्टीखालून उजेड कुठेच येत नाही. बार नुसता ठेवला, हाताचं वजन न देता, आणि पहिली तार पहिल्यांदाच मोकळी बोलली.

तारा चढवून मीटर लावला. स्लीव्ह ते तार, सहाही बीप. ॲम्प लावला. हात दूर असताना चर्र आहे, हात तारांवर टेकला की दिवा मालवल्यासारखी जाते. जाड घूं ॲम्पकडे तोंड केलं तर अजून थोडी आहे, म्हणून केबल लांब घेऊन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पाठ वळवून बसते. तिथे ती ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल.

मींड, तुमचं गणित तारांची उंची मोजून पुन्हा केलं. माझी उंची ११ मिलिमीटर निघाली. काल डोकं डावीकडे नेऊन ५ वी रेषा वाजवली, सुई मधोमध. पुन्हा सरळ बसून वाजवली, चढी. आता बार टेकतो तिथेच बघायची सवय लावते आहे, अजून दर तिसऱ्या वेळी विसरते.

ग आज संध्याकाळी तानपुऱ्याला मिळवून लावला. ट्यूनरची सुई १३ वर उतरलेली. आई आतल्या खोलीत होती, ती बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि हे त्या पलंगाचं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग ती खुर्ची ओढून बसली, आणि मी सा वरून प पर्यंत एकच मींड चार-पाच वेळा काढली, कारण तेवढीच नीट येते अजून.

टोनचा कपॅसिटर ०.०४७ चा आहे तो पूर्ण फिरवल्यावर फार गढूळ वाटतो. ०.०२२ लावून बघू का? सळई आणि खाचे बदलल्यावरचा आवाज एक आठवडा ऐकून मग हात घालावा असं मनात आहे.

---

डाखकाम

आठवडा ऐका. मग ०.०२२ लावा. दोनच टोकं डाखायची आहेत, जुन्याची होती तिथेच. जुना फेकू नका.